देवीची उजवी बाजू

परीक्षा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी दिल्लीतल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवलं. एकतीस वर्षं पेपर काढले, तपासले, बाकांमधून येरझाऱ्या घालत कॉप्या पकडल्या. समोर बसलेल्या पोराच्या डोक्यात काय आहे ते मला दिसत नव्हतं, म्हणून मी परीक्षा घेत होते. दिसत असतं तर तीन-तीन तास पाय मोडत कशाला उभी राहिले असते? सरळ गुण मांडून घरी गेले असते. त्यामुळे 'देव भक्ताची परीक्षा बघतो' हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. ज्याला सगळं कळतं असं तुम्हीच म्हणता, त्याला पेपर काढायची गरज काय? एक तर त्याला सगळं कळत नाही, नाही तर त्याला माणसं तळमळताना बघायला आवडतं. तिसरं कारण सांगणारे मला खूप भेटले, पण एकाचंही उत्तर मी पुऱ्या गुणांचं धरलेलं नाही.

गेल्या जानेवारीत हे वाक्य माझ्या ताईच्या तोंडून आलं. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून ती मुलगा आणि सुनेबरोबर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. मी लग्न केलं नाही, दिल्लीतल्याच द्वारकेला एकटी असते. दर गुरुवारी मेट्रोने तिच्याकडे जायचं, दोघींनी जेवायचं, आणि मुलगा-सून ऑफिसातून परतायच्या आत निघायचं, हा आमचा ठरलेला क्रम. त्या गुरुवारी आम्ही गॅलरीतल्या उन्हात मटार सोलत बसलो होतो. ताई म्हणाली, "मटार यंदा गोड आहेत हं," आणि त्याच सुरात पुढे, "मला ना, छातीत एक गाठ लागतेय. काखेच्या जरा खाली."

मी हातातली शेंग खाली टाकली. कधीपासून, किती मोठी, दुखते का, सगळं विचारून घेतलं. दिवाळीपासून होती. दुखत नव्हती, म्हणूनच तर ती बिनघोर होती. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता जाऊ. ती उठली नाही. मटार निवडत म्हणाली, "बघू गं. देव परीक्षा बघतोय माझी. थोडं सोसायला नको का?"

"कसली परीक्षा? कोणत्या विषयाची?"

"श्रद्धेची. तुला नाही कळायचं ते."

आणि लगेच तिने मला शपथ घातली. मुलाला सांगायचं नाही, सुनेला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." मी देव मानत नाही, पत्रिका मानत नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देते आणि पुढे चालते. पण ताईच्या गळ्याची शपथ मी निमूट पाळली. का पाळली, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी दिलेला शब्द पाळण्याबद्दल दोन-चार भारदस्त वाक्यं ऐकवली असती. खरं कारण इतकंच, की लहानपणापासून ताईने दटावलं की मी गप्प बसत आले होते.

ताईच्या डोक्यात हे परीक्षेचं खूळ कुठून आलं हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. त्या भागातल्या मराठी बायकांचं एक भजनी मंडळ आहे. कुणाचा नवरा मंत्रालयात, कुणाचा मुलगा, कुणी पुण्याहून बदलीने आलेली, कुणी गुरगावच्या आयटीतल्या जावयाकडे राहायला आलेली. दर मंगळवारी टाळ कुटतात आणि नंतर साबुदाणा खिचडी खातात. या मंडळाच्या प्रमुख एक काकू. वय बहात्तर, आवाज खणखणीत, आणि जगातल्या प्रत्येक दुःखाचं कारण त्यांच्या पर्समध्ये तयार. कुणाचा मुलगा नोकरीवरून निघाला, देव परीक्षा बघतोय. कुणाच्या सुनेचा गर्भ टिकला नाही, देव परीक्षा बघतोय. "आणि तो लाडक्या भक्ताचीच बघतो हं," हे त्यांचं पालुपद. म्हणजे ज्याचं बरं चाललंय तो देवाचा नावडता! मी हे एकदा त्यांना बोलून दाखवलं, तर त्या माझ्याकडे बघून इतक्या गोड हसल्या की मला त्यांचे टाळ हिसकावून घ्यावेसे वाटले.

स्वतःचे दोन्ही गुडघे मात्र काकूंनी कोविडनंतर लगेच बदलून घेतले होते. तिथे सोसणं नाही, परीक्षा नाही, सरळ ऑपरेशन. मी पर्यवेक्षक असते तर ही कॉपी धरली असती. ताईला मी हे सांगितलं. ताई म्हणाली, "गुडघ्याचं वेगळं असतं."

फेब्रुवारीत मंडळाची सहल पानिपतला निघाली. दिल्लीच्या मराठी मंडळींची ही आवडती सहल. सकाळी युद्धाच्या स्मारकाजवळ जाऊन डोळे पुसायचे आणि दुपारी बाजारात जाऊन ब्लँकेटं आणि चादरी घ्यायच्या. ताईने मला ओढून नेलं. मी गेले ते तिला गाठायला. पूर्ण दिवस हाताशी मिळेल, समजावू, असा माझा हिशेब होता. पण मिनी बसमध्ये काकूंनी माइक घेतला आणि सोनिपतपर्यंत सोडलाच नाही. सोनं आगीत घातल्याशिवाय कस कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मी मागच्या सीटवरून ओरडले, "सोनार आगीत घालतो, कारण त्याला शंका असते! देवालाही शंका आहे का?"

बसमध्ये थोडं हसू झालं. काकू न डगमगता म्हणाल्या, "अहो बाई, परीक्षा देवासाठी नसतेच मुळी. ती आपल्यासाठी असते. आपली श्रद्धा किती, हे आपल्याला कळावं म्हणून."

हा त्यांचा हुकमाचा एक्का. खरं सांगायचं तर यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच मला तो सगळ्यात जास्त झोंबला. मी म्हटलं, "मग निकाल कुठे लावतो तो? शाळेत निदान उत्तरपत्रिका परत द्यावी लागते. आणि हे माणसाला कळावं म्हणून त्याला मारूनच टाकायचं? मेल्यावर कळून उपयोग काय?"

"मरण ही शिक्षा नाही हो. बुलावा आहे."

"अच्छा! पास झाला तर कृपा, नापास झाला तर बुलावा. चित भी मेरी, पट भी मेरी!"

स्मारकापाशी काकूंनी कहर केला. इथे लाख बांगडी फुटली, तरी मराठी माणूस पुन्हा उभा राहिला, तीसुद्धा ईश्वराने पाहिलेली परीक्षाच, असं त्या दोन्ही हात जोडून म्हणाल्या. मी म्हणाले, "आणि ज्यांची बांगडी फुटली, त्या बायका कोणत्या इयत्तेत होत्या?" यावर कुणी हसलं नाही. एका बाईने मला बाजूला घेऊन "यार, आज तरी नको," असं समजावलं. मी वाद जिंकला होता. मला फार बरं वाटत होतं.

बाजारात ताईने एक डबल ब्लँकेट पसंत केलं. दुकानदाराने पिशवी तिच्या हातात दिली, आणि ती तिला उचलता आली नाही. दंड वर जाताना तिचं तोंड वाकडं झालं. तिने चटकन पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. मी बघितलं होतं. परतीच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले आणि मूरथलला पराठ्यांसाठी थांबेपर्यंत तिला पटवत राहिले, की सर्वज्ञ असणं आणि परीक्षा घेणं या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. उदाहरणं दिली. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तू हुशार आहेस गं. पहिल्यापासूनच." आणि खिडकीला डोकं लावून झोपली.

असे अडीच महिने गेले. दर गुरुवारी मी नवा मुद्दा घेऊन जायचे. मेट्रोत बसल्या बसल्या मी तो घासूनपुसून तयार करायचे आणि दुपारी जेवताना तिच्या पानात वाढायचे. ती वरणभात कालवत म्हणायची, "तुझं बिल्कुल बरोबर असेल, पण माझं मन नाही मानत." मार्चमध्ये गाठ मला ब्लाऊजवरूनही दिसायला लागली. मी त्या दिवशी रडले, ओरडले, शपथ मोडून तुझ्या मुलाला फोन करते म्हणून धमकी दिली. फोन हातात घेतलासुद्धा. ताईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराखाली धरून म्हणाली, "ठीक आहे. देवीलाच विचारू. ती हो म्हणाली तर ऑपरेशन. मग मी एक शब्द बोलणार नाही."

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आमचं माहेर कोकणातलं. गावच्या देवीला प्रश्न विचारायचा, तर गुरव तिच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी सुकली की पडणारच, पाचवीतल्या मुलालाही कळेल. पण या सुकण्यावर आमच्याकडे लग्नं ठरली आहेत, जमिनी विकल्या गेल्या आहेत, आणि माझ्या एका चुलत्याचं अपेंडिक्स पोटात फुटलं आहे. हल्ली गुरव व्हिडिओ कॉलवरही कौल लावून देतो. टाळेबंदीत मुंबईच्या चाकरमान्यांसाठी सुरू झालं ते पुढे चालूच राहिलं.

ताईचा फोन जुना, कॅमेरा धुरकट. म्हणून माझ्या फोनवरून लावायचं ठरलं. सोमवारी सकाळी मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर ताई न्हाऊन, कोरी साडी नेसून बसली. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. तिकडे गुरवाच्या बायकोने फोन धरला होता. गाभाऱ्यातली समई, देवीचा काळा दगडी चेहरा, आणि दोन बाजूंना अबोलीच्या पाकळ्या. गुरवाने सुरुवात केली. "आई माऊली, ही तुझी माहेरवाशीण, लांब दिल्लीक आसा. तिच्या आंगात दुखणा इला हा. शस्त्र लावचा काय नाय, तां तू सांग. लावचा तर उजवो दी, थांबाचा तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," ताई म्हणाली. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. मीही म्हणाले, "व्हय म्हाराजा." गणितात एकतीस वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडून हे निघालं, आणि तेही ताईपेक्षा मोठ्याने.

दहा मिनिटं गेली असतील. चित्र मध्येच थिजायचं, पुन्हा हलायचं. मग एक पाकळी सुटली आणि घरंगळत खाली गेली. पडद्याच्या उजव्या बाजूची. त्याच क्षणी नेटवर्क गेलं, आणि ते चित्र तसंच थिजून राहिलं. देवीच्या एका गालावर पाकळी, दुसरा गाल मोकळा.

आता, कौल देवीच्या बाजूने वाचायचा असतो. ती आपल्याकडे तोंड करून बसलेली, तेव्हा आपल्या उजव्या हाताला येते ती तिची डावी बाजू. दिल्लीत वाढलेल्या आमच्या भाचरांपैकी एकालाही हे माहीत नसेल. मला माहीत होतं. लहानपणी त्या देवळात परकराचा ओचा सांभाळत मी शंभरदा हे पाहिलं होतं. डावा कौल होता. थांबा, असं सांगणारा.

"उजवा," मी म्हणाले. "ताई, उजवाच पडला. हे बघ की." आणि पडद्याच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं.

माझ्या नोकरीत मी एका मुलाचा अर्धा गुण वाढवला नाही. प्रिन्सिपलसाहेबांनी पुतण्यासाठी शब्द टाकला होता, त्यांनाही नाही म्हणाले होते. आणि इथे मी देवीची आख्खी उत्तरपत्रिका फिरवली. ताई त्या थिजलेल्या चित्राकडे बराच वेळ बघत होती. मग तिने पदर डोक्यावरून घेतला, फोनला नमस्कार केला, आणि म्हणाली, "चल मग."

ती साडी बदलायला आत गेली, तेवढ्यात गुरवाचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला. "बाय, डावो कौल इलो. देवी थांबाक सांगता." मी "बरं, सांगते" म्हणाले आणि फोन बंद करून टाकला.

पुढचं सगळं भराभर झालं. मुलाला मी त्याच दुपारी सांगितलं. तो आधी माझ्यावर इतका ओरडला की शेजारच्या बंगाली बाई दार उघडून बघायला आल्या. मग तो रडला. तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडा काढला, रिपोर्टला आठ दिवस लागले. रिपोर्टच्या दिवशी मुलगा गाडी लावायला गेला होता आणि आम्ही दोघी हॉस्पिटलच्या लोखंडी खुर्च्यांवर नंबर यायची वाट बघत होतो. ताई अगदी शांत होती. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "घाबरू नकोस. देवीने हो म्हटलंय ना?"

ती माझ्याकडे वळली. "अगं, देवीचा उजवा हात कुठला ते मला कळत नाही असं वाटलं तुला? तू परकर सांभाळत होतीस तेव्हा मी गुरवाला पाकळ्या निवडून देत होते."

मी फाईलमधले कागद उगाच सारखे केले. शेवटी विचारलं, "मग आलीस कशाला?"

"तू खोटं बोललीस म्हणून." तिने माझा हात हातात घेतला. तिचे हात गार होते. "तू कधी खोटं नाही बोलत. चवथीत भोपळा मिळाला तेव्हासुद्धा बाबांना येऊन सांगितलंस. म्हटलं, ही देवीच्या तोंडावर खोटं बोलतेय, म्हणजे हिला खरंच माझ्यासाठी भीती वाटतेय. तोवर मला वाटत होतं, तू नुसतीच वाद घालायला येतेस. मजा येते तुला. आधी एकदा तरी म्हणायचंस ना, ताई, मला भीती वाटते."

इतक्यात नंबर पुकारला. डॉक्टरीणबाई अगदी तरुण होती, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. तिने रिपोर्ट दोनदा वाचला. गाठ काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा काय ते बघू, असं ती सांगत होती. मग पेन थांबवून तिने विचारलं, "गांठ का पता कब चला था?"

"दिवाली में," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. माझा चष्मा, माझी सुती साडी, हातातली नीट लावलेली फाईल पाहिली. "और मैडम, आपको?"

"जनवरी में."

"आप तो पढ़ी-लिखी लगती हैं. तो इतने दिन…" तिने वाक्य पुरं केलं नाही. काकूंच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. बसमध्ये होतं, स्मारकापाशी होतं, दर गुरुवारी जेवताना होतं. इथे एकही सापडेना.

केमो चालू आहे. ताईचे केस गेले, भुवया गेल्या, चव गेली. काकू दर आठवड्याला अंगारा पाठवतात आणि देव लाडक्यांचीच परीक्षा बघतो असा निरोपही. मी अंगारा ताईच्या उशाशी ठेवते. ताई अजूनही मधूनच म्हणते, की देव परीक्षा बघतोय, आणि मी तिच्या पायाला तेल चोळत राहते. माझं मत तेच आहे. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याने परीक्षा घ्यायची नसते, धावून यायचं असतं. पण हे मी आता मोठ्याने बोलत नाही. त्या अडीच महिन्यांत ताईच्या मुलाला काही ठाऊक नव्हतं, सुनेला नव्हतं, डॉक्टरला नव्हतं. ती गाठ वाढतेय हे जाणून हातावर हात ठेवून बसलेले दोघंच होते. एक तो, असलाच तर. आणि दुसरी मी.